गेरूचा पट्टा : आपल्या भिंतींवरचा गडद लाल रंग

गणपती पंधरा दिवसांवर आले की आपल्याकडे घरोघरी रंगरंगोटीची बोलणी सुरू होतात. अलीकडे आदिलाबाद परिसरातल्या आपल्या मराठी घरांत एक इच्छा पुन्हा पुन्हा ऐकू येते : गणपती बसवायच्या खोलीची एक भिंत गडद लाल हवी. दुकानातले रंगाचे कार्ड उघडले की विटकरी, मरून, डाळिंबी अशा छटा पुढे येतात आणि घरात दोन तट पडतात. एकाचे म्हणणे, खोली अंधारेल. दुसऱ्याचे म्हणणे, मूर्ती उठून दिसेल. तरुण मंडळी या भिंतीकडे शहरातून आलेली नवी पद्धत म्हणून पाहतात.

या चर्चेत एक गोष्ट राहून जाते. गडद लाल भिंत आपल्या घरांना मुळीच नवी नाही. तलमडुगु आणि आसपासच्या गावांत आमच्या आज्या-पणज्यांनी हाच रंग वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने भिंतीला लावला. त्या त्याला गेरू म्हणत. शेजारच्या तेलुगू घरात त्यालाच जाजू म्हणत. नाव वेगळे, माती एकच. त्या रंगाचा इतिहास आपल्या या सीमाभागाच्या इतिहासाशी इतका गुंतलेला आहे, की यंदाच्या स्मरणिकेत तो एकदा नीट मांडावा असे आम्हाला वाटले.

जुने घर आणि त्याची भिंत

तलमडुगु हे आदिलाबाद जिल्ह्यातले मंडलाचे गाव. नावातला ‘मडुगु’ हा तेलुगू शब्द; त्याचा अर्थ पाण्याचा डोह. जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा वाहते, तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा. पश्चिमेला किनवट. जमीन काळी, पीक कापसाचे. या भागातले जुने घर म्हणजे मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब आणि वर कवेलू. भिंत आधी भुसा घातलेल्या मातीने छाबायची, मग पांढऱ्या मातीने किंवा चुन्याने पोतारायची, आणि जमिनीपासून साधारण कमरेपर्यंत गेरूचा पट्टा ओढायचा. दाराच्या चौकटीभोवती आणि दिव्याच्या कोनाड्याभोवती गेरूची बोटभर रेघ. अंगणातले तुळशीवृंदावन पूर्ण गेरूचे, त्यावर चुन्याची नक्षी.

हा पट्टा केवळ शोभेसाठी नव्हता. जमीन शेणाने सारवताना भिंतीच्या पायथ्याशी शिंतोडे उडतात. पावसाळ्यात अंगणातला चिखल बाहेरच्या भिंतीवर उडतो. मुले पाय लावतात, कापसाची गाठोडी घासली जातात. पांढऱ्या भिंतीवर हे सगळे डोळ्यांना खुपले असते. गेरूवर ते झाकले जाई. शिवाय सगळे घर पोतारणे हे वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी करायचे काम; पट्टा मात्र कोणत्याही सणाच्या आदल्या दिवशी घरची एक बाई सकाळच्या कामांतून वेळ काढून ओढू शकत असे. एवढ्यावर घर नवे दिसे. कमरेच्या वरचा भाग पांढरा ठेवण्यातही शहाणपण होते. जुन्या घरांच्या खिडक्या लहान. त्यातून येणारा उजेड वरची पांढरी भिंत खोलीभर पसरवी.

म्हणजे आज घराघरात चाललेल्या वादात दोन्ही पक्ष बरोबर आहेत. गडद लाल रंग उजेड शोषतो, त्यामुळे चारही भिंती तशा केल्या तर खोली अंधारते. आणि त्याच रंगापुढे पितळेची समई, झेंडूची माळ, मूर्तीचा पिवळा पितांबर उठून दिसतो, हेही खरे. जुन्या घराने हा वाद खाली लाल आणि वर पांढरा असा मिटवला होता.

मातीतला लाल

गेरूचा रंग लोखंडाचा असतो. मातीतल्या लोखंडाचा प्राणवायूशी संयोग होऊन जे लाल संयुग बनते, तेच गेरूला रंग देते. लोखंडावर चढणारा गंज हा त्याचाच जवळचा नातेवाईक. या लोखंडाबरोबर पाणी बांधलेले असेल तर माती पिवळी दिसते, आपण जिला पिवडी म्हणतो ती. ती भाजली की पाणी निघून जाते आणि पिवळी माती लाल होते. कुंभाराची मडकी भट्टीतून लाल होऊन बाहेर पडतात, त्यामागेही लोखंडच आहे.

आपल्या भागाला ही माती दुर्मीळ नाही. दख्खनच्या काळ्या कातळात लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये ठिकठिकाणी विटकरी लाल मातीचा पट्टा दिसतो. भूशास्त्रज्ञ त्याला ‘रेड बोल’ म्हणतात. घाटात किंवा खोल विहिरीच्या कडेला आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. आदिलाबादच्या आसपास हा काळा कातळ संपत येतो आणि खालचा चुनखडक वर येतो. या खडकांच्या समूहाला शास्त्रज्ञांनी आपल्या पैनगंगेचेच नाव दिले आहे. म्हणजे लाल आणि पांढरा, भिंतीला लागणारे दोन्ही रंग इथल्या भूमीने जवळजवळ ठेवलेले होते.

गेरूच का, हा प्रश्नही विचारण्यासारखा आहे. लाल रंग आपल्याकडे पुष्कळ होते. पण हळद चुन्याने लाल होते आणि उन्हात उडून जाते. लाखेचा लाल आणि आलाच्या मुळीचा लाल कापडाला शोभतो, भिंतीवर टिकत नाही. शेंदूर शिशापासून होतो, हिंगूळ पाऱ्यापासून. दोन्ही महाग आणि दोन्ही विषारी. गेरू उन्हाने विटत नाही, चुन्याने बिघडत नाही आणि लहान मुलाचा हात लागला तरी भीती नाही. म्हणून देवाला शेंदूर, कपाळाला कुंकू, मिरवणुकीला गुलाल आणि भिंतीला गेरू, अशी लाल रंगांची वाटणी आपल्या समाजात कायम झाली.

गेरू, काव, हिरमजी, जाजू

शब्दांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. गेरू हा संस्कृत ‘गैरिक’चा वंशज. कोकणात आणि गोव्यात याच मातीला काव म्हणतात. तिथे पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल थर देऊन तो ओला असतानाच कोरून काढायचा, की खालचा पांढरा दिसू लागतो. गोव्यातल्या आणि दक्षिण कोकणातल्या जुन्या देवळांवर ही कावीकला आजही पाहायला मिळते.

तिसरा शब्द हिरमजी. आपल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात गडद, किंचित काळपट लाल रंगाला हा शब्द येई. तो इराणच्या आखातातल्या होर्मूझ बेटावरून आला. त्या बेटाची माती इतकी लाल आहे, की तिथला किनाराही लाल दिसतो. ही माती जहाजांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरत असे आणि बंदराचे नाव तिला चिकटून मराठी घरात शिरले. आपल्या भिंतीवरच्या रंगाला समुद्रापलीकडच्या बेटाचे नाव आहे, हे आता फार थोड्यांना ठाऊक असते.

चौथा शब्द जाजू, आपल्या शेजाऱ्यांचा. तेलंगणात भिंतीला आणि ओट्याला जाजू किंवा एर्रमन्नु, म्हणजे लाल माती लावून त्यावर पांढरा मुग्गु काढण्याची रीत आहे. देवळांच्या भिंतींवर पांढरे आणि लाल उभे पट्टे असतात, तेही चुन्याचे आणि लाल मातीचे. आपण रांगोळी म्हणतो, ते मुग्गु म्हणतात. आपण सारवण म्हणतो, ते अलुकु म्हणतात. काम करणाऱ्या बायकांना एकमेकींचा शब्द सांगावा लागत नसे. एका घरी माती भिजवलेली उरली तर ती दुसऱ्या घरी जाई.

एकाच राज्यातला अजिंठा

या रंगाचा एक जुना आणि मोठा पुरावा आपल्याच मुलखात आहे. तो म्हणजे अजिंठा. १९५६पर्यंत तलमडुगु आणि अजिंठा हे दोन्ही हैदराबाद राज्यात होते. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. पुढे निजाम सरकारने १९१४ साली पुरातत्त्व खाते काढले. गुलाम याझदानी यांनी ते वाढवले आणि अजिंठ्याच्या चित्रांवर मोठे ग्रंथ सिद्ध केले. चित्रे उखडू नयेत म्हणून १९२०च्या सुमारास इटलीहून कारागीर आणले गेले.

अजिंठ्याची भिंत कशी केली आहे, हे वाचताना आम्हाला आपले घर आठवते. कातळावर आधी भुसा आणि काड्या घातलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. तांबडा आणि पिवळा मातीचा, काळा काजळीचा, हिरवा हिरव्या मातीचा. निळा तेवढा दूर अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्दाचा. दीड हजार वर्षांनंतरही तिथला तांबडा तांबडाच आहे. राजाश्रयातल्या चित्रकाराची भिंत आणि आपल्या आजीची भिंत यांच्यात कौशल्याचे अंतर फार मोठे आहे. सामानाचे अंतर मात्र थोडे आहे.

असेच दुसरे उदाहरण डहाणू-तलासरीकडच्या वारली समाजाचे. कुडाच्या भिंतीवर गेरूचा हात आणि त्यावर तांदळाच्या पिठाने काढलेले लग्नाचे चौक, हे मुळात सवाष्णींचे काम. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही चित्रे बाहेरच्या जगापुढे आली. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज वारली चित्र जगभर ओळखले जाते, आणि त्याची पार्श्वभूमी अजूनही गेरूच्या रंगाचीच असते.

पोळा ते चतुर्थी

आपल्या भागात गेरूचा हंगाम पोळ्याला सुरू होई. श्रावणातल्या अमावास्येला बैलांच्या अंगावर गेरूचे ठिपके आणि ठसे उमटवायचे, शिंगांना रंग द्यायचा. तेलुगू घरांत याच दिवसाला पोलाला अमावास्या म्हणतात. त्यामुळे या दिवशी आदिलाबादच्या गावांत मराठी आणि तेलुगू असा भेद उरत नाही. इथे मराठी बोलणारा आंध समाज आहे, प्रधान आहेत, गोंड आणि कोलाम आहेत. कोणाच्या दारचा बैल असो, तो रंगवूनच निघतो.

पोळ्यानंतर चौथ्या दिवशी गणेश चतुर्थी. बैलांसाठी भिजवलेला गेरू घरात असतोच. हरितालिकेच्या आधी त्याचाच हात गणपतीच्या कोनाड्याला, चौरंगामागच्या भिंतीला आणि तुळशीला लागे. मग गौरी येत. गौरींच्या मागे लाल भिंत, पुढे चुन्याच्या आणि तांदळाच्या पिठाच्या रेघा, एवढ्यात मखर पुरे होई. आपल्याकडे दिव्यांच्या माळा आणि थर्मोकोल नंतर आले.

तिन्हीसांजेला उजेड कमी झाला की माणसाच्या डोळ्याला लाल रंग इतर रंगांच्या आधी काळवंडताना दिसतो. आरतीच्या आधी ती भिंत जवळजवळ काळी वाटायची आणि निरांजन पेटले की पुन्हा लाल व्हायची. पिवळसर ज्योतीच्या उजेडात लाल रंग खुलतो. विजेच्या पांढऱ्या दिव्याखाली तीच भिंत मलूल दिसते. खोलीत गडद लाल रंग लावून निराशा झाली असेल, तर पुष्कळदा दोष रंगाचा नसून दिव्याचा असतो.

रेषा आली, पट्टा राहिला

आदिलाबाद हा स्वतंत्र जिल्हा झाला १९०५ साली. सरकारी कारभार उर्दूत, बाजार तेलुगूत आणि मराठीत, घरात ज्याची त्याची भाषा. सप्टेंबर १९४८मध्ये निजामाची राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके नांदेडला जोडले गेले; राजुरा पुढे चांद्याला गेला. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. २ जून २०१४ला तेलंगणा राज्य झाले, आणि ११ ऑक्टोबर २०१६ला जिल्ह्याचेही चार भाग झाले.

या प्रत्येक वळणावर आपल्या कुटुंबांना काहीतरी ठरवावे लागले. मुलांना कोणत्या भाषेच्या शाळेत घालायचे, नोकरीचा अर्ज कोणत्या भाषेत करायचा, मुलगी किनवटला दिली तर ती दुसऱ्या राज्यात गेली असे म्हणायचे का. मामाचे गाव महाराष्ट्रात आणि आपण इथे, ही आपल्यातल्या बहुतेकांची गोष्ट आहे. भिंतीबद्दल मात्र कोणाला काही ठरवावे लागले नाही. किनवटकडच्या घरालाही तोच पट्टा आणि तलमडुगुच्या घरालाही तोच. त्यावरून मराठी घर आणि तेलुगू घर ओळखता येत नसे. सीमेवर राहणाऱ्यांजवळ असे सामाईक धन फार थोडे असते. म्हणून त्याची किंमत आम्हाला जास्त वाटते.

रेषेने जे केले नाही ते सिमेंटने केले. मातीची भिंत गेली, विटांची आली. कवेलू गेले, स्लॅब आली. मुंबईत १९४२ साली चार मित्रांनी सुरू केलेली एशियन पेंट्स पुढे देशातली मोठी रंग कंपनी झाली. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी काढलेला ब्रश घेतलेला ‘गट्टू’ गावोगावच्या दुकानांवर दिसू लागला. डिस्टेंपर आले, ऑइल पेंट आले. त्यात वाईट काही नव्हते. पावसाळ्यात गळणारी आणि दरवर्षी छाबावी लागणारी भिंत कोणाच्या कंबरेचा काटा ढिला करी, हे विसरून चालणार नाही. ते सगळे काम बायकांच्या वाट्याचे होते. पक्क्या घराने त्यांचे कष्ट वाचवले.

आणि गंमत अशी, की नव्या रंगातही पट्टा टिकून राहिला. शाळेत, कचेरीत, दवाखान्यात, एस.टी. स्टँडवर भिंतीचा खालचा भाग विटकरी किंवा चॉकलेटी ऑइल पेंटचा आणि वरचा भाग फिका, ही पद्धत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. काम तेच, मळ झाकण्याचे. हातात फक्त डबा वेगळा आला. आणि त्या डब्यातला लाल रंगही बहुधा कारखान्यात बनवलेल्या लोखंडाच्या भस्माचाच असतो. आपल्या जुन्या कोब्याच्या लाल फरशीतही तेच असे.

आता काय करता येईल

स्वीडन देशात फालुन नावाच्या गावी तांब्याची खूप जुनी खाण होती. तिच्या टाकाऊ लाल मातीपासून तिथले लोक घराच्या लाकडी भिंतींना गडद लाल रंग देत. तो पिठाच्या खळीत शिजवून करतात, जसा आपल्याकडे गेरू पेजेत कालवतात. १९९२ साली ती खाण बंद झाली. पण साठवलेल्या मातीपासून रंग आजही तयार होतो, कारण तिथल्या लोकांनी तो मागणे सोडले नाही. लाल घर ही त्या देशाची ओळख झाली आहे.

आपल्याकडे माती संपलेली नाही. किराणा दुकानात गेरू अजून मिळतो. संपत आहेत ते तो लावणारे हात. म्हणून ज्येष्ठ बायकांकडून ऐकलेली कृती इथे देतो. गेरू रात्रभर पाण्यात भिजत घालावा. सकाळी हाताने कुस्करून फडक्यातून गाळावा, म्हणजे खडे निघतात. त्यात तांदळाची पातळ पेज किंवा विरघळवलेला बाभळीचा डिंक घालावा. नाहीतर रंग कपड्याला लागतो. भिंत आधी पाण्याने ओली करून घ्यावी. पहिला हात पातळ आणि आडवा, तो वाळला की दुसरा उभा. ओला असताना रंग फार गडद दिसतो, वाळल्यावर एक-दोन छटा उतरतो. घाबरून पाणी वाढवू नये.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गेरूला मातीची किंवा चुन्याची भिंत लागते. प्लास्टिक इमल्शनच्या गुळगुळीत भिंतीवर तो धरत नाही, पोपडे निघतात. अशा घरात मांजरपाटाचे कापड ताणून त्यावर गेरूचे दोन हात द्यावेत, त्यावर तांदळाच्या पिठाची नक्षी काढावी आणि ते मूर्तीच्या मागे लावावे. कापूस आपल्या शेतातला, माती आपल्या भूमीतली. उत्सवानंतर गुंडाळून ठेवता येते. आणि ज्यांना डब्यातलाच रंग द्यायचा आहे त्यांनीही खुशाल द्यावा. फक्त एकच भिंत किंवा कमरेपर्यंतचा पट्टा घ्यावा, उरलेली खोली फिकी ठेवावी आणि दिवा पिवळसर लावावा.

आमची एक विनंती आहे. आपल्या घरात, आणि शेजारच्या तेलुगू किंवा गोंड घरातही, ज्या आजींनी स्वतः भिंत पोतारली आहे त्यांच्याजवळ या दहा दिवसांत मुलांना बसवावे. माती कुठून आणत, त्यात काय घालत, हाताने लावत की पोतेऱ्याने, रेघ सरळ कशी येई, आणि प्रत्येक गोष्टीला शब्द कोणता वापरत, हे लिहून घ्यावे. मराठी शब्द असेल तर मराठी, तेलुगू असेल तर तेलुगू. मंडळाकडे अशी टिपणे आली तर ती पुढच्या स्मरणिकेत छापण्याचा आमचा मानस आहे. या आजी आज ऐंशीच्या घरात आहेत. यंदाच्या गणपतीत विचारलेले बरे.

गणपती बाप्पा मोरया!